व्याहीबुवांबरोबर डोंगरीला

मीरा रोडच्या बाईने डोंगरीचं प्रवासवर्णन लिहायला घेतलंय हे ऐकून आमच्या बिल्डिंगमधल्या बायका हसल्या. "काय आंटी, व्हिसा लागला का?" असंही एकीने विचारलं. हसू देत. पूनम सागरमध्ये राहणाऱ्या किती जणांनी डोंगरी पाहिलीय, हात वर करा. लोणावळ्याला सतरा वेळा जाऊन येतील, पण आपल्याच मीरा-भाईंदर महापालिकेतलं, साध्या बसने जाता येतं असं गाव कुठल्या दिशेला आहे ते सांगता येणार नाही. मीही त्यातलीच. माझी मैत्रीण फिलोमिना मूळची डोंगरीची. टेलिफोनच्या ऑफिसात आम्ही शेजारी शेजारी बसून नोकरी संपवली. ती दरवर्षी "ये, ये" म्हणायची आणि मी "येते, येते" म्हणायचे. शेवटी गेले ती व्याह्यांना घेऊन, आणि परत आले ती पेटलेली. अजून विझलेले नाही, म्हणून लिहायला बसलेय.

पूनम सागर

आधी व्याह्यांची ओळख करून द्यायला हवी. माझ्या मुग्धाने तिकडे हॉलंडमध्ये योस्त नावाच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. त्याचे वडील हेंक. सहा फुटांच्या वर उंची, पांढरेशुभ्र केस, बायको वारलेली, वागणं अतिशय नम्र. सुनेचं माहेर बघायचं म्हणून ते मुलगा-सुनेबरोबर आमच्याकडे आले होते. मुग्धा सासऱ्यांना सरळ "हेंक" म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला चहा हिंदकळला. मी आपली त्यांना व्याहीबुवाच म्हणत राहिले, आणि त्यांना वाटलं ती काहीतरी पदवी असावी.

हे व्याहीबुवा त्यांच्या शहराच्या नगरसभेत निवडून आलेले सभासद. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लेकीला तिथे राहायचंय. युरोपातल्या देशांनी मिळून जो संघ केलाय त्यातून आपल्या देशाने बाहेर पडावं, निदान त्याचं काही ऐकू नये, असं म्हणणारा त्यांचा छोटासा पक्ष आहे. सबंध सभागृहात त्या पक्षाचे दोघेच, हे आणि आणखी एक. पण सत्ताधाऱ्यांचं बहुमत काठावरचं, त्यामुळे या दोघांशिवाय पान हलत नाही. हा प्रकार आपल्याला नवा नाही. दोन नगरसेवकांनी अख्खं शहर नाचवलेलं आपण पाहिलंय. फरक एवढाच, की देशाला संघातून बाहेर काढणं नगरसभेच्या हातात नाही. मग करायचं काय? हाताला लागेल ते करायचं. नगरसभेच्या इमारतीवरचा संघाचा निळा झेंडा या दोघांनी उतरवायला लावला, आणि हे त्यांनी आम्हाला जेवताना कौतुकाने सांगितलं. आमच्या ह्यांनी मान डोलावली. ह्यांचं आपलं एकच, "व्याही आहेत, जपून बोल."

मुग्धा त्या शहरात एक केंद्र चालवते. बाहेरून आलेल्या बायका तिथे डच बोलायला शिकतात, त्यांची पोरं अभ्यास करतात, आणि शनिवारी सगळ्या मिळून स्वयंपाक करतात. ज्याला हवं त्याने यावं नि जेवावं. व्याहीबुवा एकही शनिवार चुकवत नाहीत. मुग्धाचं वरण-भात-लिंबू त्यांना इतकं आवडतं, की तिच्याकडून शिकून घेऊन आता घरीही करतात. रविवारी संध्याकाळी मुलगा-सून त्यांच्याकडे जेवायला जातात, हा त्या घरातला न चुकणारा नेम.

केंद्राचा निम्मा खर्च युरोपच्या त्या संघाकडून येतो, निम्मा शहराने उचलायचा, आणि पुढच्या मुदतीसाठी नगरसभेत मत पडायचं होतं. ते लोक परत गेले की लगेच मतदान. शिवाय भिंतीवरची संघाची पाटी कुणीतरी काढून नेली होती, आणि पाटी नसली तर वरून पैसे अडतात. मुग्धा घाबरली होती. हे केंद्र तिने रिकाम्या गोदामापासून उभं केलं, परक्या शहरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच. पण रात्री भांडी पुसताना मला म्हणाली, "हेंक आहे ना आई. तो शोधून काढेल पाटी. मतंही तो बघेल."

केबिन रोड

दुसऱ्या दिवशी योस्तचं पोट बिघडलं. जावईबापूंनी आदल्या संध्याकाळी पाणीपुरीवाल्याशी शर्यत लावली होती, ती त्यांना भोवली. मुग्धा त्याच्यापाशी थांबली आणि डोंगरीला आम्ही तिघंच निघालो. वाटेत भाईंदरच्या केबिन रोडला उतरलो, कारण व्याह्यांना शाल द्यायची होती आणि ह्यांना ती आजच घ्यायची होती.

केबिन रोडला सकाळी चालणं म्हणजे ढकलत जाणं. व्याहीबुवा प्रत्येकाला "सॉरी" म्हणत होते, त्यामुळे आम्ही जागचे हलत नव्हतो. दुकानात मी नेहमीसारखी हिंदीत सुरुवात केली. दुकानदार म्हणाला, "समधीजी के लिए है? फिर तो बहनजी, ये वाली लो. बेटी के ससुर को हलकी शाल नहीं देते."

व्याहीबुवांनी विचारलं, ही तुमची भाषा का? नाही म्हटलं. मग हा माणूस बाहेरून आलाय का? मी दुकानदाराला विचारलं. म्हणाला, "जनम यहीं का है." व्याहीबुवांचा चेहरा गंभीर झाला. "इथे जन्मून तुमची भाषा बोलत नाही? आमचा पक्ष हे चालवून घेत नाही. आमच्या शहरात यायचं तर आमची भाषा यायलाच हवी."

दुकानदाराला इंग्रजी कळत असावं. शालीची घडी घालत तो म्हणाला, "मराठी येतं ना मॅडम. तुम्हीच हिंदीत सुरू केलं."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. ह्यांनी घाईघाईने शाल पिशवीत टाकली. व्याहीबुवांचं वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं. बाहेरून आलेल्यांना भाषा शिकवतं कोण? माझी मुलगी. तेव्हा मला वाटलं, सुनेच्या कामाचंच कौतुक चाललंय.

बस

भाईंदर पश्चिमेला डोंगरीची बस लागते. आली की लोक आत शिरतात, त्याला रांग म्हणण्याची पद्धत नाही. व्याहीबुवा मात्र रांगेत उभे राहिले. त्यांच्यापुढे कुणी नव्हतं, मागे आमचे हे, सौजन्य म्हणून. मी कोपर मारून आत जाऊन तीन जागांवर पिशवी, पदर आणि मी पसरले. खिडकीतून पाहते तर दोघं खालीच, व्याहीबुवा एकेका म्हातारीला हाताने वाट करून देतायत आणि प्रत्येक म्हातारीमागून चार तरुण घुसतायत. घंटी झाली. मी ओरडले, "अहो थांबवा, माझे व्याही राहिले." कंडक्टर म्हणाला, "काकू, व्याह्यांना आधी चढवायचं असतं." अख्खी बस हसली. शेवटी मीच खाली उतरले आणि आम्ही पुढच्या बसने गेलो. त्या वेळी मी व्याहीबुवांना दंडाला धरून चढवलं.

मुर्धा, राई ही गावं मागे पडली की भाईंदर संपतं आणि काहीतरी वेगळंच सुरू होतं. रस्ता अरुंद होतो, एका बाजूला तिवरांची झाडी, पलीकडे मिठागरांचं चकाकणारं पाणी. कौलारू घरं, दारात जास्वंद, आणि वळणावळणावर झेंडूचे हार घातलेले क्रूस. हे आपलंच शहर, हे मला सारखं स्वतःला सांगावं लागत होतं. व्याहीबुवा खिडकीला नाक लावून बसले होते. त्यांचं मूळ घराणं कोळंबी पकडणाऱ्यांचं. संघाने एका प्रकारच्या जाळ्यावर बंदी घातली आणि त्यांच्या भावाची बोट भंगारात गेली. ती तोडताना भाऊ धक्क्यावर उभा होता, पुढे तो फारसा बोललाच नाही. ते ऐकून मलाही वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

एका थांब्यावर बस रेंगाळली. शेडवर हात जोडलेल्या पुढाऱ्याचा मोठा फोटो होता. काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. हा थांबा अमुक साहेबांच्या प्रयत्नांतून झाला असं लिहिलंय, हे म्हणाले.

व्याहीबुवा हसले. "आमच्याकडे फोटो नसतो. निळी पाटी असते, वर ताऱ्यांचं वर्तुळ. संघाचा पैसा घेतला की लावावीच लागते. अशी एक मी स्वतः काढली."

"कुठली?" मी विचारलं.

"मुग्धाच्या केंद्राची. भिंत शहराची आहे, मी शहराचा सभासद आहे. स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो."

मला वाटलं माझं इंग्रजी चुकलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, शांतपणे, हवेविषयी बोलावं तसं. मग म्हणाले, पुढच्या मुदतीच्या विरोधात त्यांचं मत पडणार आहे. पडणार काय, सत्ताधाऱ्यांना पाठिंबा देताना ती अट त्यांनीच घातली होती.

"पण तुम्ही तिथे दर शनिवारी जेवता," मी म्हटलं.

"जेवण उत्तम असतं. प्रश्न पातेलं कुणाचं हा आहे. पैसे त्यांचे आले की नियम त्यांचे येतात. हे तत्त्व आहे."

"मुग्धाला माहीत आहे?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. "आम्ही घरात राजकारण बोलत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाचं हिवाळ्यासाठी स्पेनमध्ये घर आहे. त्याच संघाच्या जिवावर ते तिथे दर वर्षी आपल्या अंगणात जावं तसे जातात, ना व्हिसा ना विचारणा. ते तत्त्वात बसतं. परक्या बायकांना आमची भाषा येत नाही म्हणून मतं मागायची आणि भाषा शिकवणाऱ्या घराला कुलूप घालायचं, तेही बसतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले, पण हे जेवून उठून वासे उपसायला निघाले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी माझा हात दाबला. "व्याही आहेत," हे पुटपुटले.

आमच्याकडे मुलीच्या आईने मुलाच्या बापाला बोलायचं नसतं. कुठे लिहिलंय माहीत नाही, पण माझी आई बोलली नाही, सासू बोलली नाही. मीही गप्प बसले.

डोंगरी

फिलू दारातच उभी होती. ऑफिसात ती आमच्यासारखंच मराठी बोलायची, घरी तिची जीभ मोकळी सुटते. "ये गो सुमे. किती दिसांनी आयलीस. आनि ये कोन, खांब हाय का मानूस?" मग व्याह्यांकडे वळून तिने साहेबी इंग्रजीत त्यांचं स्वागत केलं.

परसात बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते. तो वास काहींना सोसत नाही, व्याहीबुवांनी मात्र छाती भरून घेतला. लहानपणीचा वास आहे म्हणाले. टेबलावर बोंबलांचं लालभडक कालवण होतं, त्यात फिलूचा बाटली मसाला. उन्हाळ्यात कांडायचा आणि बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचा, वर्षभर पुरतो. सोबत फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले, आतून पोकळ असे गोळे. व्याहीबुवा कालवणात फुगा बुडवून खात होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि थांबत नव्हते.

त्यांनी फिलूला विचारलं, हे गाव शहरात कसं आलं? फिलूने सांगितलं, पूर्वी आमची ग्रामपंचायत होती, मग शहरात घातलं. "आमाला कोनी इचारलाच न्हाय," असं ती माझ्याकडे बघून म्हणाली आणि तेच त्यांना इंग्रजीत सांगितलं.

व्याहीबुवांनी टेबलावर थाप मारली. "बघा. ही बाई माझ्या पक्षाची आहे. दूर कुठेतरी बसून कुणीतरी ठरवायचं आणि गावाने मुकाट ऐकायचं. मुग्धाच्या केंद्राचं तेच आहे." आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली, भावाच्या बोटीसकट नि पाटीसकट. फिलू मान डोलावेल या खात्रीने सांगितली.

मी ताट पुढे सरकवलं.

ठरवून नाही केलं. घास हातात होता तो परत ठेवला आणि हात मांडीवर घेतला. फिलूने वाढायला डाव उचलला, मी मान हलवली. हे म्हणाले, "अगं, जेव ना." मी नाही म्हटलं. व्याहीबुवांनी विचारलं, तिखट झालं का? ह्यांचा हात ताटात थबकला, फिलूचाही.

फिलू माझ्याकडे बघत राहिली आणि तिला उमगलं. व्याह्यांना म्हणाली, "तिखट नाही झालं. विहीण रुसलीय. आमच्याकडे लग्नात हे असतं. ज्याचा मान दुखावला तो पानाला हात लावत नाही, आणि तो जेवल्याशिवाय पंगत उठत नाही. मग दुसऱ्या बाजूने विचारायचं असतं, काय हवं. एरवी रुसतात ती मुलाकडची माणसं. मुलीची आई रुसलेली मीसुद्धा आज पहिल्यांदा बघतेय."

"पण का?" त्यांनी विचारलं. खरंच कळत नव्हतं त्यांना. त्याचाच मला जास्त राग आला.

फिलू म्हणाली, "आम्हालाही विचारलं नव्हतं, म्हणून अजून भांडतोय. नळ आला तेव्हा पाणी भरलं आणि भांडणंही चालू ठेवली. पण तुमच्या भावाची बोट मोडली त्या लोकांनी. चूल तुम्ही सुनेची विझवताय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बोल गो आता. तुलाच बोलाया पायजे."

ह्यांनी या वेळी माझा हात दाबला नाही.

व्याहीबुवांनी फुगा खाली ठेवला, रुमालाने हात पुसले आणि नीट माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला काय हवं?"

"मत बदला."

"ते मला जमणार नाही. मी शब्द दिलाय."

"मग आज घरी गेल्यावर मुग्धाला तोंडावर सांगा. मताचं सांगा आणि पाटी कुणी काढली तेही सांगा. ती तुमच्या भरवशावर बसलीय."

त्यांनी नजर बांबूंवरच्या बोंबलांकडे वळवली. "ती रागावेल," म्हणाले. सहा फुटी माणूस, दोन मतांवर शहर हलवणारा, आणि सुनेच्या रागाला घाबरत होता. म्हणून तर घरात राजकारण बोलायचं नाही.

"रागावेल," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. सांगतो म्हणाले. फिलूने माझं ताट परत माझ्यापुढे ओढलं. "जेव आता. कालवन थंड झाला सगला."

मी जेवले. थंड झालेलं कालवणही चांगलं लागत होतं.

पुन्हा पूनम सागर

घरी आल्यावर व्याहीबुवांनी बूट काढले, मुग्धाला गॅलरीत बोलावलं आणि डचमध्ये बोलू लागले. मला एक शब्द कळला नाही, कळायची गरजही नव्हती. मुग्धाच्या हातात योस्तसाठी केलेल्या पेजेची वाटी होती, ती तिने कठड्यावर ठेवली. ते बोलत राहिले. तिने एकदाच काहीतरी विचारलं. त्यांनी मान खाली घालून हो म्हटलं. मग ती वाटी उचलून आत गेली आणि नवऱ्याला पेज भरवत बसली.

मला म्हणाली, "पाटीचं मला तुझ्या आधी कळायला हवं होतं, आई." एवढंच.

निघताना ह्यांनी व्याह्यांना शाल आणि नारळ दिला. मी दिला नाही. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, मग त्या घोड्याला मी शाल का घालू? हे तीन दिवस माझ्यावर नाराज होते.

मतदान झालं. केंद्र एका मताने गेलं. मुग्धा प्रेक्षकांत बसली होती. हात वर करण्याआधी हेंकने आपल्याकडे पाहिलं, असं तिने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, मग काय आरती ओवाळू? शेवटच्या शनिवारी बायकांनी पातेली आपापल्या घरी नेली. एक अफगाण बाई होती, तिला नुकतं डॉक्टरशी स्वतःचं स्वतः बोलता येऊ लागलं होतं. ती आता कुठे जाणार, ते मुग्धालाही माहीत नाही. मुग्धा दुसरी नोकरी शोधतेय.

रविवारचा नेम मात्र मोडलेला नाही. ती नवऱ्याबरोबर सासऱ्यांकडे जाते, टेबलाशी बसते, पाणी पिते, हवापाण्याचं बोलते. जेवत नाही. ताट वाढलं की हात मांडीवर घेते. डोंगरीचं सगळं मी तिला सांगितलं होतं.

"त्याने पहिल्याच रविवारी विचारलं, काय हवं," ती म्हणाली. "मी म्हटलं, अजून ठरवलं नाही."

परवा पुन्हा फोन आला. आवाज थोडा ओला वाटला. "आई, काल त्याने वरण केलं होतं. माझ्याकडून शिकलाय तसंच, वर लिंबू पिळून. मी हात लावला नाही, तर तोही जेवला नाही. समोर बसून राहिला. सगळं गार झालं."

"होऊ दे गार," मी म्हटलं.